तुम्ही ‘सात’ लिहिलेत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पहाटे मी ८० किलोमीटरची डोंगरवाटेवरची शर्यत पूर्ण केली. बाळ आता सतरा महिन्यांचे आहे. मांड्या अजून दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि तुमच्या फिजिओथेरपीच्या त्या खोलीची आठवण आली की डोळे भरून येतात. मन थोडे शांत झाल्यावर सवडीने लिहावे असे आधी ठरवले होते. पण शांत झाल्यावर माणूस फार मोजूनमापून लिहितो, म्हणून आजच लिहायला बसले आहे. हे पत्र तुमच्या एकटीच्या पत्त्यावर न पाठवता सर्वांसमोर ठेवते आहे, कारण मी तेव्हा ज्या अवस्थेत होते त्याच अवस्थेत आज कितीतरी जणी कुठल्यातरी दवाखान्यात मान खाली घालून बसलेल्या असतील आणि त्यांच्या वाचनात हे यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी काय काय ऐकून आले होते, ते त्या दिवशी मी तुम्हाला सांगितले नव्हते. सहाव्या आठवड्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी टाके पाहिले, सगळे ठीक आहे म्हणाले, आणि ‘हळूहळू सुरू करायला हरकत नाही’ एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. खोकताना, शिंकताना, बाळाला उचलताना लघवी सुटते हे मी धीर करून सांगितले, तेव्हा ‘बाळंतपणानंतर एवढं चालायचंच’ हे उत्तर मिळाले. त्या ‘हळूहळू’वर विश्वास ठेवून मी सातव्या आठवड्यात धावायला गेले आणि दोन किलोमीटरमध्येच ओटीपोटात असे जड ओझे उतरल्यासारखे झाले की उरलेली वाट कडेकडेने चालत परतले. दुसऱ्या एका तज्ज्ञांनी व्यायामांचा छापील कागद हातात दिला. मी डोंगरात लांब पल्ल्याचे धावते असे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘कशासाठी?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते असे नाही, पण तो प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नव्हता.

आणखी एक जखम सांगते, कारण ती अजून भरलेली नाही. गरोदर राहण्यापूर्वी मी एका शर्यतीत नाव नोंदवले होते. माझी जागा पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवा अशी विनंती केली, तेव्हा आयोजकांनी कळवले की पाय मोडला असेल तर तशी सोय आहे, गरोदरपणासाठी नाही. सोफी पॉवर या धावपटूला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत नेमका हाच अनुभव आला होता. गरोदरपणामुळे तिची जागा गेली, म्हणून २०१८ मध्ये पुन्हा संधी मिळाली तेव्हा तीन महिन्यांचे बाळ असतानाही ती धावली. वाटेतल्या कूर्मायर गावच्या थांब्यावर बाळाला पाजत असतानाचे तिचे छायाचित्र जगभर पोहोचले आणि लोकांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले. मला मात्र त्या छायाचित्रात एक दमलेली बाई दिसते, जिला थांबण्याची मुभा कुणी दिली असती तर ती आनंदाने थांबली असती.

हे सगळे मनात घेऊन मी बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात तुमच्या दारात आले होते. खरे सांगायचे तर, नकार ऐकण्याच्या तयारीनेच आले होते.

त्या खोलीतला अर्धा तास मला क्षणाक्षणाने आठवतो. ब्रिटनमधील तीन फिजिओथेरपिस्टांनी मार्च २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावण्याकडे परतण्याविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतल्या चाचण्या तुम्ही माझ्याकडून करून घेत होतात. पहिले तीन महिने धावणे सुरू करू नये, आणि त्यानंतरही शरीर भार पेलते की नाही हे आधी पाहावे, असे त्या सूचना सांगतात हे मला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळले. म्हणजे सहाव्या आठवड्यात मला जे सांगितले गेले ते किती निष्काळजीपणाचे होते, हेही त्याच वेळी कळले. एका पायावर दहा सेकंद उभे राहणे जमले. एका पायावर खाली बसून उठणे थरथरत का होईना, जमले. मग राहिल्या एका पायावर जागच्या जागी दहा उड्या, आणि मी जागची हलले नाही.

तुम्ही कारण विचारले नाहीत. टेबलाच्या अलीकडे आलात, बूट काढून भिंतीशी ठेवलेत आणि माझ्या शेजारी, माझ्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिलात. तुम्ही समोर उभ्या राहिला असतात तर ती परीक्षा झाली असती. शेजारी उभ्या राहिल्यामुळे तो सराव झाला. ‘उजवा पाय,’ एवढेच तुम्ही म्हणालात आणि आपण दोघी लंगडी घालू लागलो. लाकडी जमिनीवर दोन पावलांचा आवाज एकत्र येत होता आणि त्यात माझे पाऊल कुठले हे मला वेगळे ऐकू येत नव्हते. कोपऱ्यात पाळणागाडीत बाळ जागे झाले होते आणि टक लावून आपल्याकडे पाहत होते. एक, दोन, तीन, चार असे तुम्ही मोजत होतात. सातव्या उडीला मला ज्याची भीती होती तेच झाले. करड्या पँटवर ओला डाग पसरलेला मला दिसला, तुम्हालाही दिसला असणार. मी थांबले. तुम्हीही थांबलात. आठवी उडी तुम्ही घेतली नाहीत.

मग तुम्ही टॉवेल माझ्या हातात दिलात, टेबलाशी गेलात आणि अनवाणीच उभे राहून फाइलमध्ये लिहिलेत. मला वाकून पाहता आले. तिथे लिहिले होते, ‘उजवा पाय : ७’. त्यापुढे ‘जमत नाही’ असे काहीही नव्हते. वर ‘ध्येय’ या शब्दापुढे, मी आत आल्या आल्या चाचरत सांगितलेले ‘८० किमी, डोंगर’ हे तुम्ही जसेच्या तसे लिहून ठेवले होते. त्या दोन ओळी एकाच पानावर होत्या आणि त्या एका पानावर असण्यात तुम्हाला काही विसंगत वाटलेले नव्हते.

त्या आकड्याने माझे काय झाले हे तुम्हाला सांगायलाच हवे. आम्ही डोंगरात धावणारी माणसे आकड्यांवर जगतो. पुढचा थांबा किती किलोमीटरवर आहे, चढ किती मीटरचा आहे, कट-ऑफला, म्हणजे थांबा गाठण्याच्या मुदतीला, किती मिनिटे उरली आहेत, हे कळले की कितीही दमलेले शरीर पुन्हा उभे राहते. पाच महिने मला कुणी आकडा दिला नव्हता. ‘चालायचंच’ मिळाले होते, ‘कशासाठी’ मिळाले होते, ‘आता बाळाकडे लक्ष दे’ हे तर रोजच मिळत होते. त्यांचा सराव करता येत नाही. सातावरून आठावर जाण्याचा सराव मात्र करता येतो, आणि मी तो त्याच रात्री, बाळ झोपल्यावर, अंधारात सुरू केला.

पुढच्या वर्षभराबद्दल मी इथे फार लिहीत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नुसते आवळायचे नसतात, ते सैल सोडायलाही शिकायचे असते. धावायला निघण्याआधी बाळाला पाजावे, म्हणजे छाती ताठरत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि त्या न खाता अंतर वाढवले तर किंमत हाडे मोजतात. हे सगळे तुम्ही पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगितलेत. सातावरून नऊ व्हायला पाच आठवडे लागले. दहा झाले त्या दिवशी तुम्ही ‘डावा पाय’ म्हणालात आणि पुन्हा बूट काढलेत.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत, ती म्हणजे तुम्ही मला जास्मिन पॅरिसचे उदाहरण कधीही दिले नाहीत. बाकी सर्वांनी दिले. चौदा महिन्यांच्या मुलीची ही आई जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या स्पाइन रेस या डोंगरवाटांवरच्या शर्यतीचे ४३१ किलोमीटर ८३ तास १२ मिनिटांत धावली, थांब्यांवर दूध काढत धावली, आणि पुरुषांसकट सगळ्यांच्या आधी पोहोचली. तिच्याविषयी मला अपार आदर आहे. पण ज्या बाईला सात उड्या मारता येत नाहीत तिला ही गोष्ट सांगितली की ती गोष्ट प्रेरणा राहत नाही, मोजपट्टी होते, आणि सांगणारा मात्र आपण धीर दिला या समाधानात निघून जातो. तुम्ही मला माझ्याच मागच्या आठवड्याशी ताडून पाहिलेत.

शर्यतीत मला सगळ्यात जास्त भीती उतारांची होती. चढावर बहुतेक जण चालतातच. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला शरीराचा सगळा भार आपटत खाली येतो आणि तो पेलण्याचे काम त्याच स्नायूंवर पडते, ज्यांनी काही महिन्यांपूर्वी बाळाला वाट दिलेली असते. साठाव्या किलोमीटरनंतर रात्र झाली होती, वाट ओली होती, हेडटॉर्चच्या उजेडात फक्त पुढचे दोन दगड दिसत होते. पाय कचरू लागले तेव्हा मी तुमच्या आवाजात मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. असे किती वेळा झाले असेल ते सांगता येणार नाही, पण त्या उतारावर मी एकदाही थांबले नाही. थोडी ओल झाली, आणि तिने मी खचून गेले नाही.

त्याआधीच्या थांब्यावर माझे यजमान बाळाला घेऊन उभे होते. मी तंबूच्या कडेला बसून पाजायला घेतले, तेव्हा तिथल्या दोन स्वयंसेविकांनी काही न विचारता आपली जाकिटे काढून आडोशासारखी धरली आणि स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या. बाहेर थंडी मी म्हणत होती. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. तुमच्या त्या न घेतलेल्या आठव्या उडीत आणि त्या दोघींच्या पाठ फिरवण्यात मला एकच चांगुलपणा दिसला. समोरच्या माणसाला कमीपणा वाटू नये एवढ्यासाठी आपण कुठे उभे राहायचे, हे ज्यांना न सांगता कळते अशी माणसे जगात आहेत. त्या अगोदरच्या पाच महिन्यांत माझा यावरचा विश्वास उडत चालला होता.

मॅडम, एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात तपासणीला येईन तेव्हा फाइलमधल्या त्या पहिल्या पानाची एक प्रत मला द्याल का? शर्यतीचे पदक बाळाने चावायला घेतले आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावे असे ठरवले आहे. मला ते पान हवे आहे.

तुमची कृतज्ञ,
‘उजवा पाय : ७’