बाबा, चिऊचं टायमिंग यंदा वहीत लिहू नका

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. तुमची नात चिऊ या मोसमात ट्रॅकवर पळणार नाही असं मी म्हटलं आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "पळणाऱ्यानं एकदा बूट काढून ठेवले की संपलं." मग आईनं फोन घेतला, पाण्याच्या टँकरचं बोलणं निघालं आणि माझं सांगायचं राहून गेलं. फोनवर ते मला जमलंही नसतं. म्हणून लिहिते आहे. दोघं एकत्र बसून वाचा, आणि बाबा, शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही मला दर वेळी एकच विचारता. अमेरिका म्हणजे 34 कोटींचा देश, शाळेशाळेला रबरी ट्रॅक, शाळेतच कोच, खाण्यापिण्याला कमी नाही. मग लांब पल्ल्यात पुढं केनिया-इथिओपियाचीच पोरं कशी? तुम्ही दहिवडीत फक्की मारून 200 मीटरचा ट्रॅक आखायचात आणि पावसानं तो वाहून गेला की पुन्हा आखायचात. तुम्हाला हा प्रश्न पडणारच. मलाही इथं येऊन बरीच वर्षं तो पडायचा. चिऊ पळायला लागल्यावर उत्तर हळूहळू कळत गेलं.

पोरं नाहीत असं मुळीच नाही. 1972 ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरनं मॅरेथॉन जिंकली, 1984 ला जोन बेनॉइटनं. त्याच देशातून 2000 साली सिडनीच्या मॅरेथॉनला एकच पुरुष आणि एकच बाई पात्र ठरली. पुरुष 69 वा आला. आणि त्याच वर्षी शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत पहिले तीन कोण होते बघा: डेथन रिट्झेनहाइन, ॲलन वेब, रायन हॉल. आता आपले दिवस फिरले, असं इथल्या लोकांना वाटलं. पुढच्याच वर्षी वेबनं 3 मिनिटं 53.43 सेकंदांत मैल पळून जिम रायनचा 36 वर्षांचा शालेय विक्रम मोडला.

तिघंही मोठे झाले, खोटं कशाला बोलू. वेबनं 2007 मध्ये 3:46.91 चा अमेरिकन विक्रम केला, पण ऑलिंपिक त्याला एकदाच मिळालं आणि तिथं तो पहिल्याच फेरीत बाहेर गेला. रिट्झेनहाइनची हाडं पुन्हा पुन्हा चिरत राहिली. हॉल बोस्टनला 2:04:58 पळाला आणि 33 व्या वर्षी शरीर साथ देईना म्हणून थांबला. ऑलिंपिक पदक तिघांपैकी एकालाही नाही. 2004 ला अथेन्समध्ये पदकं आणली ती मेब केफ्लेझिगी आणि डीना कॅस्टर यांनी, एकानं 29 व्या वर्षी आणि दुसरीनं 31 व्या. डीना शाळेत चमकलेली, पण कॉलेज संपेपर्यंत पळण्यातला तिचा जीव गेला होता. ती 1996 मध्ये इथल्याच कोलोरॅडोतल्या अलामोसा गावात जो व्हिहिल या वयस्क कोचकडे गेली आणि नव्यानं पळायला शिकली. ते गाव सुमारे तेवीसशे मीटरांवर आहे, मुलखाचं थंड. आम्ही मागच्या उन्हाळ्यात तिथून गेलो तेव्हा चिऊनं गाडी थांबवायला लावली होती. उघडं माळरान, लांब डोंगर. मला माणदेश आठवला.

आता शाळेचं ऐका. इथं कोच म्हणजे बहुतेक वेळा शाळेतलाच शिक्षक, वरून थोडं मानधन घेणारा, तुमच्यासारखाच. त्याचा मोसम त्याच्या शाळेच्या गुणांवर मोजला जातो. क्रॉस कंट्रीत सात जण पळतात, पहिल्या पाचांचे क्रमांक धरतात. ट्रॅकच्या मीटला तर एकाच दुपारी एकाच पोरीला 3200 मीटर, मग 1600, मग 800 आणि शेवटी रिलेत उभं करतात, कारण प्रत्येक शर्यतीचे गुण शाळेला मिळतात. चिऊ नववीत असताना एका दिवसात तीनदा पळाली. तिसऱ्या शर्यतीनंतर ती गवतावर बसली तेव्हा तिला स्पाइक्सची नाडी सोडता येत नव्हती. मी सोडली. तिच्या कोचचा मला राग नाही, माणूस जीव लावणारा आहे. पण त्याच्याकडे ती नववी ते बारावी अशी चारच वर्षं असणार आणि त्याला जे मिळवायचं ते त्या चार वर्षांत.

पुढं कॉलेज. तिथं तर शरद ऋतूत क्रॉस कंट्री, थंडीत बंदिस्त ट्रॅक, वसंतात बाहेरचा ट्रॅक. वर्षाला तीन मोसम आणि प्रत्येक मोसमाच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. शिष्यवृत्तीचं गणितही तुम्हाला वाटतं तसं नाही. कालपरवापर्यंत पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात पुरुषांच्या अख्ख्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्री संघाला मिळून 12.6 शिष्यवृत्त्या होत्या, मुलींना 18. त्यात गोळाफेकवाले, उड्या मारणारे, सगळे आले. 2025 पासून ही मर्यादा गेली, पण त्या बदलात सामील झालेल्या कॉलेजांत क्रॉस कंट्रीचा संघ 17 जणांपुरता झाला. जागा कमी झाल्या की कोच तयार माल शोधतो. अलीकडे बरीच कॉलेजं परदेशातून विशी गाठलेले धावपटू आणतात. त्या मुलांचा काय दोष? पण 18 वर्षांच्या कच्च्या पोराला तीन वर्षं थांबून पिकू द्यायला कुणाला वेळ उरत नाही.

आणि 22 व्या वर्षी पदवी हातात पडली की सगळं एकदम थांबतं. बाबा, हे तुम्हाला सगळ्यात नवल वाटेल. आपल्याकडे कविता राऊतला ओएनजीसीत नोकरी मिळाली, आपल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत होती, अविनाश साबळे लष्करात. इथं तसं काहीच नाही. देशाला क्रीडा मंत्रालय नाही, ऑलिंपिक समितीला सरकारचं अनुदान नाही. एखादी बूट कंपनी करार करेल तर पळा, नाहीतर दुकानात काम करून सकाळ-संध्याकाळ सराव करा. लांब पल्ल्याचा माणूस तिशीकडे झुकताना पिकतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या वयाची काळजी वाहणारं इथं कुणी नाही. म्हणून सगळी ओढाताण पंधराव्या-सोळाव्या वर्षी होते.

आणि तेच वय मुलींना सगळ्यात नाजूक. मुलगा वाढला की त्याला आपसूक वेग येतो. मुलीचं अंग भरतं, तशी तिची वेळ एक-दोन वर्षं थांबते किंवा मागे येते, आणि धीर धरला तर पुढं पुन्हा सुधारते. पण नेमका तेव्हाच कॉलेजच्या कोचांचा डोळा तिच्यावर असतो. दहावी संपल्यावर 15 जूनपासून ते मुलांशी थेट बोलू शकतात. म्हणजे चिऊचा हाच वसंत मोसम. वेळ मागे गेली की पोरीला वाटतं आपलं काहीतरी चुकतंय, आणि ती ताटाकडे बघायला लागते.

मेरी डेकरचं नाव तुम्ही आम्हाला वर्गात सांगायचात, 1983 ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णं जिंकलेली. ती 12 वर्षांची असताना तिला एकाच आठवड्यात मॅरेथॉन आणि वर ट्रॅकच्या शर्यती पळवल्या होत्या, हे तेव्हा तुम्हालाही माहीत नसणार. नडग्यांची ऑपरेशनं झाली तिची. अलीकडची मेरी केन. 17 व्या वर्षी, 2013 मध्ये, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरची अंतिम फेरी पळाली. त्यानंतर एका नावाजलेल्या व्यावसायिक गटात गेली. 2019 मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं, की वजन कमी कर, आणखी कमी कर हे ऐकत ऐकत तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. मी तो व्हिडिओ ओट्याशी उभी राहून पाहिला. गॅस बंद केला आणि तशीच खाली बसले.

आता जे लिहिते ते चिऊला विचारून लिहिते. बाबा, तुम्ही आजोबा आहात, शिक्षकही आहात, म्हणून ती हो म्हणाली. मागच्या मोसमात 3200 मध्ये तिचे 40 सेकंद कमी झाले. तुम्ही वहीत लाल पेनानं लिहिलंत आणि शेजारी दाखवून आलात. त्याच सुमारास तिनं भात सोडला, मग पोळी. आम्हाला वाटलं वय आहे, लाड आहेत. डिसेंबरपासून तिची पाळी आली नाही. फेब्रुवारीत नडगी दुखायला लागली, जिना उतरतानाही. खेळाडूंच्या डॉक्टरांकडे नेलं. शरीरातला लोहाचा साठा अगदी तळाला गेलेला, आणि हाडाला सूज, चिरायच्या बेतात. डॉक्टर म्हणाल्या, जेवढं पळते तेवढं खात नाही, तेव्हा शरीरानं एकेक काम बंद करायला घेतलंय. माणसाच्या हाडांची बरीचशी शिदोरी याच वयात भरते. आता नाही भरली तर पुढं भरून काढता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, आईला लहान वयात कधी असं झालं होतं का?

बाबा, मला झालं होतं. मी दहावीत होते तेव्हा. आठ महिने माझी पाळी बंद होती आणि माझं टायमिंग दर महिन्याला कमी होत होतं. तुम्ही खूश होता, मीही होते. रात्री आई नडगीला तेल लावायची आणि काही बोलायची नाही. राज्य स्पर्धेत मी चौथी आले ते मोडक्या हाडावर. साताऱ्याला एक्सरे काढला, हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं, आणि आम्ही दोघींनी तुम्हाला सांगितलं की खड्ड्यात पाय गेला. खड्डा नव्हता, बाबा. मीच आईला शपथ घातली होती. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला पळू दिलं नसतं, एवढीच भीती होती मला. पाळीचं बोलायचं तर आपल्या घरात तोंडच नव्हतं. आई, तू इतकी वर्षं ते एकटीनं सांभाळलंस. बाबा, तुमच्यावर माझा राग नाही. तेव्हा असं कुणी शिकवतच नव्हतं, तुम्हालाही नाही. पण मला माहीत असून मी गप्प बसले आणि चिऊचंही तसंच झालं, हे मला सहन होत नाही.

म्हणून आम्ही ठरवलंय. जूनपर्यंत पळणं नाही. सायकल, पोहणं, गोळ्या आणि जेवण. कॉलेजचे कोच तिचं नाव यादीतून काढतील कदाचित. काढू देत. ग्रँट फिशर आठवतो का, पॅरिसला 5000 आणि 10,000 दोन्हीत कांस्य घेतलेला? तो शाळेत फुटबॉलही खेळायचा, आणि त्याच्या शाळेतल्या वेळच्या कोचनं त्याला मुद्दाम थोडंच पळवलं होतं. पुढं मोठ्या गटात बरीच वर्षं काढून तो 2024 च्या ऑलिंपिकआधी त्याच जुन्या कोचकडे परत गेला, आणि 27 व्या वर्षी ही दोन पदकं आली. आपला साबळेही लष्करात गेल्यावर, विशी ओलांडून शर्यतीत उतरला. 2022 मध्ये तो आमच्या इथं कोलोरॅडो स्प्रिंग्जला सरावाला होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्यानं 5000 मीटरचा 30 वर्षांचा भारतीय विक्रम मोडला. तेव्हा चिऊनं तुम्हाला रात्री उठवून सांगितलं होतं. बूट काढून ठेवले म्हणून संपत नाही, बाबा. तुमचं वाक्य मी तुम्हालाच नाकारते आहे, माफ करा.

पुढच्या रविवारी चिऊ फोनवर येईल. तिला वेळ विचारू नका. ती आता हुलग्याचं माडगं आवडीनं पिते. आई, तुझं प्रमाण तिला सांग, माझं पातळ होतं म्हणते. सप्टेंबरात तुम्ही दोघं या, तिकिटाचं हे बघताहेत. बाबा, डोंगराच्या पायवाटेवर तिला चालवा, पळवू नका. तुम्ही बरोबर असलात की ती ऐकते.

आणि एक काम आहे. डॉक्टरांना माझा जुना एक्सरे हवाय. तो आईच्या लोखंडी ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या शालूखाली, पिवळ्या पाकिटात आहे. आई, किल्ली बाबांकडे दे. बाबा, तुम्हीच काढा. सकाळच्या उन्हात खिडकीच्या काचेला धरा आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवा. उजव्या कोपऱ्यात तारीख आहे, ती फोटोत नीट येऊ द्या.

तुमची लेक