शिडाआधी तारा

वायरी, मालवण
नवरात्र, तिसरी माळ

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या पगारातले पैसे पोचले. आईने ती गोष्ट देवाला सांगितली आणि मग सगळ्या वाडीला. पैशांसोबत तुझा निरोप होता, "बाबा, होबीला नवं शीड घ्या, यंदा मागे राहायचं नाही." बाय, आपल्या या दोन सांगड्यांच्या, म्हणजे दोन अरुंद पोकळ अंगांच्या, शर्यतीच्या बोटीला मी शीड मागवलेलं नाही. त्या पैशातून तारा घेतल्या, दोऱ्या घेतल्या, इपॉक्सी आणि काचकापडाची जुनी उधारी फेडली, आणि थोडे अजून शिल्लक आहेत. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस आणि माझं अर्धं राहून गेलं असतं. म्हणून सविस्तर लिहितो.

पावसाआधी डोलकाठी खाली घेतली तेव्हा तू पुण्याला गेली होतीस. त्या दिवशी मी प्रत्येक तारेवरून कापसाचा बोळा फिरवला. डाव्या बाजूच्या तारेच्या खालच्या टोकाशी, जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे कापूस अडकला. भिंग घेऊन बघितलं तर तारेच्या १९ पदरांपैकी एक तुटून बाहेर आलेला. बोटाला जाणवलासुद्धा नसता. स्टेनलेसला गंज धरत नाही असं आपण म्हणतो, पण त्या स्टीलला वाचवणारा वरचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. नळीच्या आत खारं पाणी शिरतं आणि तिथेच राहतं, हवा पोचत नाही, आणि पोलाद आतल्या आत खाल्लं जातं. बाहेरून तार चकचकीत दिसते. तारेची पारख दिसण्यावर नाही, वयावर करायची असते, आणि आपल्या होबीवरच्या तारा हॉटेलवाल्याकडे असल्यापासूनच्या आहेत. त्यांचं वय कुणालाच ठाऊक नाही.

आता हे लक्षात घे. मोठ्या शिडाच्या जहाजाची डोलकाठी पुष्कळदा तळापर्यंत उतरलेली असते. आपली ८ मीटरची डोलकाठी पुढच्या आडव्या नळीवरच्या एका गोळ्यावर नुसती टेकलेली आहे. दोन बाजूंच्या दोन तारा आणि पुढची एक, एवढ्यांनीच ती उभी राहते. वाऱ्याकडची तार गेली की ती पडणारच, आणि वाऱ्याकडेच तर आपल्यापैकी एक जण ट्रॅपिझला, म्हणजे डोलकाठीवरून आलेल्या तारेला, लटकून बोटीबाहेर उभा असतो. मागच्या हंगामात तिथे तू होतीस. तो कापूस अडकला तेव्हा माझ्या मनात शर्यत नव्हती, तू होतीस.

शेजारचे काका, जे रापणीच्या होडीवर आयुष्यभर गेले, ते बघायला आले आणि एवढंच म्हणाले, "शीड जुना आसला तरी चलात, दोरी जुनी नको." म्हणून बाजूच्या दोन, पुढची एक, खालच्या दोन आखूड आणि ट्रॅपिझच्या चारही, सगळ्या तारा एकदम बदलल्या. तुटलेली तेवढीच बदलून भागलं असतं असं म्हणणारे भेटले. पण सगळ्यांनी एकच मीठ खाल्लंय, मग एकीवर भरवसा का ठेवायचा?

दुसरा खर्च सांगड्यांचा. आपली बोट ज्या नारळीखाली पडून होती तिथे तिच्यावर झावळ्या आणि नारळ पडत होते, आणि पर्यटकांना फिरवताना ती रोज वाळूवरून ओढली जात होती. दोन्ही सांगड्यांचा तळ, मागच्या बाजूला विशेष, इतका झिजला होता की आतलं काचकापड उघडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मी तो घासला, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला, उन्हात पूर्ण सुकवला आणि काचकापडाच्या पट्ट्या इपॉक्सीत एकावर एक चढवल्या. एप्रिलच धरायचं कारण दमट हवा. पावसाच्या दिवसांत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा हात नीट धरत नाही. उन्हाळ्यातली अडचण वेगळी असते. मगात कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि बघता बघता दगड होतं. ते पसरट ताटात ओतलं की उष्णता निघून जाते आणि हाताला वेळ मिळतो. आईचं जुनं ॲल्युमिनियमचं ताट त्या कामी गेलं. तिने स्वतःहून दिलं, माझ्या नावावर घालू नकोस.

डोलकाठीच्या पुढचा डेकचा भाग अंगठ्याने दाबला की करकरायचा, तुला आठवत असेल. आपल्या सांगड्या म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये फोम. तो फोम वरच्या थरापासून सुटला की ताकद जाते. वरच्या थराला बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी भरलं, वर वजनं ठेवली आणि सुकल्यावर भोकं बुजवली. मग बुचाच्या भोकातून तोंडाने हवा फुंकली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. उजव्या सांगडीच्या पुढच्या खांबाशी बुडबुडे आले, ती जागा भरली. हे करताना सायकलचा पंपही लावायचा नाही. हवेचा दाब जरा जास्त झाला की धडधाकट सांधाच उकलतो. या सगळ्यानंतर ती १४५ किलोच्या आसपास, म्हणजे कारखान्यातून निघाली होती तेवढीच भरेल. आतल्या पाण्याचं वजन आपण दोन हंगाम वाहत होतो आणि दोष शिडाला देत होतो.

तिसरं काम सुकाणूंचं, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. वारा वाढला की टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हाताला ओढायचा, तू दोन्ही हातांनी धरायचीस आणि तुझे खांदे भरून यायचे. सुकाणूची पाती खालून मागे कललेली असली की असं होतं. पात्याचं टोक थोडं पुढे, सांगडीच्या खाली घेतलं की ओढ कमी होते. दोन्ही पात्यांमधलं अंतर पुढच्या कडेशी आणि मागच्या कडेशी मोजलं तर मागे बोटभर जास्त निघालं. दोन पाती एकमेकींशी भांडत पाणी कापत होती. आता दोन्ही अंतरं सारखी केली आहेत. मला वाटतं, यंदाचा सगळ्यात मोठा वेग आपल्याला इथून मिळेल.

नव्या शिडाने वेग वाढतो हे मी नाकारत नाही. आपलं डेक्रॉनचं शीड मऊ पडलंय, त्याचं पोट मागे सरकलंय. पण त्यावरही उपाय आहे. शिडातल्या पट्ट्या घट्ट बांध, शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी जोरात ओढ, पोट पुढे येतं. आणि मागच्या शर्यतीत आपण कुठे मागे पडलो ते आठव. सरळ रेषेत कुणी आपल्याला सोडून गेलं नाही. आपण मागे पडलो ते वळताना. होबी १६ ला पाण्यात उतरणारं मधलं पातं नाही, सांगड्यांच्या आतल्या-बाहेरच्या वेगळ्या आकारावरच ती वाऱ्याकडे चढते, आणि वजनाने हलकी, त्यामुळे तोंड वाऱ्यातून फिरवताना ती अडते आणि उभी राहते. म्हणून वळताना पुढचं शीड, जिब, लगेच सोडायचं नाही. उलट बाजूने वारा भरून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पलीकडे गेली की मगच सोडायचं. अडकलीच तर मोठं शीड हाताने बाहेर ढकलायचं, टिलर उलटा धरायचा, ती मागे सरकते आणि सरकता सरकता वळते. हे आपण किनाऱ्यावर बसून शंभरदा बोललो, पाण्यात घटवलं नाही. यंदा घटवायचं. एका वळणात जाणारं अंतर नवं शीड कितीतरी वेळ भरून देत बसेल. वळणं कमी, पण पक्की.

आता मुख्य गोष्ट. या हंगामात टिलर तुझ्या हातात. ट्रॅपिझवर मी.

आईला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, मग म्हणाली, "तिला विचारलंत?" म्हणून विचारतो. माझी कारणं अशी. बाहेर लटकणारं वजन जितकं जास्त तितकी बोट सपाट राहते, आणि तुझ्यापेक्षा मी जड आहे. होबीच्या नियमात दोघांचं मिळून किमान १२९.३ किलो लागतं, तेवढं आपण जेमतेम भरतो. तेव्हा आहे ते वजन योग्य जागी असायला हवं. पण खरं कारण वेगळं. झुळूक येण्याआधी तुझी मान तिकडे वळलेली असते. मी पाण्यावरचा काळा पट्टा दिसल्यावर बघतो, तू त्याआधी. हे शिकवून येत नाही. शिकवून येतात ते नियम, आणि ते तुला पाठ आहेत. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची, एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याकडच्याने खालच्याला, म्हणजे वारा जातो त्या बाजूच्याला. निघताना पाच मिनिटांचा बावटा, चारचा, एकचा. त्या शेवटच्या मिनिटात आपल्या खालच्या बाजूला मोकळं पाणी ठेव. कॅटमरनला वेग धरायला जागा लागते.

एकाच ठिकाणी मी तुझं ऐकणार नाही. वाऱ्याकडच्या खुणेला वळसा घालून बोट खाली वळते तेव्हा वारा आडवा येतो आणि सगळा जोर खालच्या सांगडीच्या नाळेवर पडतो. होबीची नाळ बारीक आहे, ती पाण्यात घुसली की बोट पुढच्या पुढे कोलांटी घेते. तिथे मी मागे सरक म्हटलं की सरकायचं आणि मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, ढिली सोडायची. उलटलोच तर घाबरायचं काही नाही, नाळ वाऱ्याकडे करून दोघांनी दोरीला लोंबकळायचं. तुझ्या पैशातून डोलकाठीच्या टोकाला हवाबंद तरंगता गोळाही बसवलाय. तो ती पूर्ण पालथी होऊ देत नाही. आपल्याकडे पाणी उथळ, डोलकाठी एकदा वाळूत रुतली की उभं करणं दोघांच्या हातचं राहत नाही.

मला या दोन अंगांच्या बोटीचं एवढं वेड का, हे तू लहानपणी विचारायचीस. दांडीच्या वाळूवर उलांडी लावलेल्या होड्या बघतच मी मोठा झालो. अंग अरुंद, पोटात वजन नाही, तरी बाजूच्या त्या एका लाकडामुळे लाटेत उभी राहते. रुंदीतून येणारा तोल. आपल्या किनाऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. न्यूयॉर्कच्या पाण्यात १८७६ मध्ये नॅथनेल हेरशॉफने अमॅरिलिस नावाची दोन सांगड्यांची बोट शर्यतीत आणली, तिने जडशीळ बोटींना मागे टाकलं, आणि लोकांनी तक्रार करून तशा बोटींना आपल्या शर्यतींतूनच बाहेर काढलं. पुढे १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टरने, जो मुळात लाटांवरच्या फळ्या बनवायचा, ही वाळूवरून थेट ढकलायची बोट आणली. १९७६ मध्ये टॉर्नेडो या बोटीच्या रूपाने कॅटमरन, म्हणजे दोन सांगड्यांची बोट, ऑलिंपिकला गेली, आणि २०१६ पासून तिथे नाक्रा १७ ही बोट आहे, जिच्यावर एक स्त्री आणि एक पुरुष असे दोघे लागतात. ज्यांना बाहेर काढलं होतं त्यांचा हा प्रवास मला फार प्रिय आहे. म्हणून ही बोट नारळीखाली कुजताना बघवली नाही.

दिवाळीला येशील तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा ओसरत आलेला असेल. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा असेल, पण सकाळी रापण ओढत असतात, तेव्हा आपण पाण्यात उतरायचं नाही. जाळ्याच्या बुचांवर सुकाणू अडकलं तर नुकसान त्यांचं जास्त. दुपारी खारा वारा वायव्येकडे वळून धरला की तारकर्लीसमोर वळणं घटवू. वाऱ्याकडे किल्ल्याच्या दिशेने चढायचं, पण बुडालेल्या खडकांच्या अलीकडेच परतायचं. खाली देवबागेपर्यंत जायचं, कर्लीच्या मुखाशी मात्र ओहोटीत जायचं नाही. तिथे खाडीचं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येते.

हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, वळणं पक्की होऊनही आपण सरळ रेषेत मागे पडत असू, तर शीड घेऊ. तेव्हा मी स्वतः मागवीन, आणि तुझे शिल्लक पैसे त्यात घालीन.

येताना पुण्याहून दोन गोष्टी आण. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू बसवताना मधे लावायचं लॅनोलिन, इथे मिळत नाही आणि ते न लावता बसवले की दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना खातात. आणि तुझ्या मापाचे टिलर धरायचे हातमोजे, माझे तुला मोठे होतात. टिलरबद्दलचं तुझं उत्तर आधी कळव. आईला सांगायचं आहे.

कळावे.

तुझे,
बाबा