बोयावाल्या काकांना जीवना बंदराकडून थँक्यू

काका नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इथे कोथरूडला लॉकडाऊनमध्ये अडकलेली, दुपारनंतर घरी श्रीवर्धनला एकही फोन लागेना, आणि तुम्ही आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून मला वेधशाळेचं बुलेटिन समजावत होतात, वारा कुठून फिरेल, जोर कधी ओसरेल. त्याचं थँक्यू आहेच. पण जास्त मोठं थँक्यू ऑक्टोबरचं आहे.

आयुष्यभर समुद्रात बोये, म्हणजे हवामान मोजणारी तरंगती यंत्रं, सोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करून तुम्ही रिटायर झालेले, कोणी बोलावलं नसताना माझ्याबरोबर आमच्या श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर आलात. माझा दादा आणि बाकीचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तेव्हा वैतागलेले होते, अंदाज चुकतात मग धंदा कशाला बुडवायचा असं सरळ तोंडावर म्हणाले. तुम्ही वाद घातलाच नाहीत. उन्हात पाण्याने भरलेला ड्रम होता त्यात दादाला हात घालायला लावलात, वर गरम, कोपरापर्यंत गेला तर गार. मग म्हणालात आता ढवळ. ढवळलं तर वरचं पाणीही निवलं. वादळ समुद्र असाच ढवळतं, खाली गार पाणी असेल तर त्याचा जोर कमी होतो, पण गरम पाणी खोलवर असेल तर कितीही ढवळा, वादळाला खाद्य मिळतच राहतं. सॅटेलाइटला फक्त वरचं पाणी दिसतं, खालचं मोजायला समुद्रातच काहीतरी लागतं. चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे खोल समुद्रातले बोये पाचशे मीटरपर्यंतचं तापमान मोजतात, वर वारा आणि हवेचा दाब, आणि सगळं सॅटेलाइटवरून पाठवतात. आर्गो या जागतिक प्रकल्पाचे फ्लोट, म्हणजे आपोआप खाली जाऊन वर येणारी यंत्रं, दोन हजार मीटरपर्यंत जातात पण ते वाहत राहतात आणि साधारण दहा दिवसांनी वर येतात, तेवढ्यात वादळ येऊन गेलेलंही असतं.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत जे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. बोयाखाली मासे जमतात म्हणून लोक त्याला होड्या बांधतात, सेन्सर तुटतात, कोणी सोलर पॅनल काढून नेतं, आणि नेमका वादळाच्या टायमाला तो बोया मुका. तुम्ही कोणाला चोर म्हटलं नाहीत, फक्त तुटलेल्या अँटेनाचा फोटो दाखवलात. बराच वेळ कोणी बोललं नाही.

आमच्या होड्या तेवढ्या लांब जात नाहीत, पण लांब जाणारे ट्रॉलरवाले दादाच्या ओळखीचे आहेत, तो आता वायरलेसवर त्यांना हक्काने दम देतो की बोयाला हात लावायचा नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा इशारा लागल्या लागल्या जीवन्याच्या होड्या आत होत्या, कोणी कुरकूर केली नाही. २०१७ च्या ओखीत केरळ-तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत हे आठवलं की मला याची किंमत कळते.

पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०२४ ला हवामानाच्या अंदाजासाठी अर्का सुपरकॉम्प्युटर आला, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली आणि चांगलंच आहे ते, पण त्याच्या पोटात जाणारा आकडा कोणीतरी उसळत्या बोटीवरून बोयावर उडी मारून, शेवाळ खरवडून, बॅटरी बदलून मिळवलेला असतो. त्या लोकांचा फोटो कधी येत नाही. तुमच्याबरोबर त्या सगळ्यांनाही थँक्यू.

हर्णैचे लोक विचारतायत काका कधी येणार. १ जूनला मासेमारी बंदी लागली की सगळे घरीच असतात, गाडी मी करते, काकूंनाही आणा. आई म्हणते जेवायला आमच्याकडेच यायचं, आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
बी विंगमधली, श्रीवर्धनची पोर