लेण्यातल्या शिलालेखाशेजारी त्याचं वाचन पण लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनीच स्टेटस ठेवले, पेढे वाटले. त्या मागणीत एक पुरावा सारखा दिला जायचा, नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख आणि त्यातला 'महारठिनो' हा शब्द, ज्याचा संबंध मराठी या नावाशी जोडतात. आता घाटात ट्रेकला जाणाऱ्या कुणालाही विचारा की तो शब्द भिंतीवर नेमका कुठेय, शंभरात एखादा दाखवेल. चूक त्यांची नाही, लेख ब्राह्मी या प्राचीन लिपीत आहे आणि ब्राह्मी आपल्याला कुणी शिकवलीच नाही.

मी बरीच लेणी फिरलोय, बोर्डावर साधारण लेणं कुठल्या शतकातलं आणि मोडतोड केली तर दंड किती एवढंच असतं. समोर दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर आहे आणि तो काय म्हणतो याबद्दल एक ओळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं ब्राह्मी अवघड असती तर गोष्ट वेगळी. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ग म्हणजे दोन तिरक्या रेघा वर टोकाला जुळवलेल्या, ब चौकोन, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. ठ तर नुसता गोल, आज आपण त्याला वर दांडी आणि शिरोरेघ देतो बस. काना-मात्रा लावायची पद्धतपण तीच, अक्षराला छोटी रेघ जोडायची. सहावीतलं पोरगं एका दुपारात नावं वाचायला लागेल. आणि ही फक्त देवनागरीची आई नाही हो, कन्नड, तमिळ, बंगाली, गुजराती सगळ्या तिच्याच. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडराय नावाच्या मंत्र्याने मूर्ती करवली हे मराठी, कन्नड, तमिळ तिन्ही भाषांत कोरलंय, लिप्या बघाल तर एकमेकींना ओळख न देणाऱ्या, पण मूळ एकच.

मधली कित्येक शतकं ही अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ती उलगडली, तीसुद्धा सांचीच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांवरून. त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतायत, शेवटी एक टिंब आहे, आणि देवळाला कुणी काही दिलं की लोक काय लिहितात याचा विचार करून त्याने ओळखलं की हे 'दानं' असणार. द आणि न हाती लागले आणि मग बाकीची अक्षरं सुटत गेली.

तेच 'दानं' आपल्या कार्ल्याला आहे! एकवीरा आईच्या दर्शनाला लाखो लोक जातात, देवळाला अगदी लागून चैत्यगृह म्हणजे बौद्धांचं कोरीव प्रार्थनागृह आहे, आत खांबांवर ज्यांनी ते खांब दिले त्यांची नावं आहेत, धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची म्हणजे ग्रीकांचीसुद्धा, आणि शेवटी 'थंभो दानं', म्हणजे खांबाचं दान. बाहेर व्हरांड्यात वैजयंती (आजचं कर्नाटकातलं बनवासी) इथल्या भूतपाल शेठचा लेख आहे, हे सेलघर, म्हणजे दगडात कोरलेलं घर, मी पुरं केलं, 'जंबुदीपम्हि उतमं', म्हणजे सगळ्या जंबुद्वीपात एक नंबर. काय अभिमान आहे बघा त्या माणसाचा. आणि आपण त्याच्याशेजारी उभं राहून सेल्फी काढतो नि खाली उतरतो, त्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

म्हणून माझी संबंधित खात्याला आणि राज्य सरकारला मागणी आहे की नाणेघाट, कार्ले, भाजे, कान्हेरी, नाशिकची पांडवलेणी, जिथे जिथे असे लेख आहेत तिथे प्रत्येक महत्त्वाच्या लेखाजवळ एक फलक लावा. वर ब्राह्मी जशीच्या तशी, त्याखाली तीच अक्षरं देवनागरीत, त्याखाली आजच्या मराठीत अर्थ. बाजूला एका अक्षराचा प्रवास दाखवा, अशोकाच्या काळातला क, मग सातवाहन, गुप्त आणि आजचा. वाचन नव्याने करायचं नाहीये, भगवानलाल इंद्रजींसारख्या संशोधकांनी ते दीडशे वर्षांपूर्वीच सुरू केलं आणि छापूनही ठेवलंय. ब्राह्मी २०१० पासून युनिकोडमध्ये आहे, फॉन्ट फुकट मिळतात, त्यामुळे छपाईची अडचण सांगू नये. फलक भिंतीला ठोकू नका, समोर स्टँडवर ठेवा, दगडाला धक्का नको.

आणि शाळांनी सहलीच्या आदल्या दिवशी दोन तास मुलांना ही मुळाक्षरं गिरवायला द्यावीत, त्यासाठी कुठल्या जीआरची वाट बघायची गरज नाही.

आपला,
एक वाचक, जुन्नर