'रीरन' मारला, पास झाली

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'तांत्रिक बिघाडामुळे सेवा ठप्प' हा मथळा आपल्या अंकात अधूनमधून वाचतो. बिघाड नेमका कसला, हे मात्र पुढे कधी छापून येत नाही. मी बावीस वर्षं पुण्यात लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर, काम करतो. यातला एक प्रकार आम्हाला आधीच दिसलेला असतो, म्हणून हे पत्र.

आमच्या एका ड्रायव्हरची (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या कोडची) टेस्ट रोज रात्री हजारो वेळा चालायची आणि एखाद्या वेळी फेल व्हायची, तीही फक्त एआरएम बोर्डावर (मोबाइलमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरवर). अशा टेस्टला आम्ही 'फ्लेकी', म्हणजे बेभरवशाची, म्हणतो. नावातच दोष टेस्टच्या माथी मारलेला. सकाळी कुणीतरी 'रीरन' मारायचं (टेस्ट पुन्हा चालवायचं), ती पास व्हायची, आम्ही चहाला जायचो. शेवटी एका मुलाने टेस्टमध्ये दहा मिलिसेकंदांचा 'स्लीप', म्हणजे थांबा, घातला आणि सहा आठवडे सगळं हिरवंगार. तो बदल मंजूर करणारा मीच.

स्लीप टेस्टमध्ये होता, ड्रायव्हरमध्ये नव्हता; तिथली चूक तशीच राहिली. ग्राहकाची तक्रार आली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

चूक अशी: एक सीपीयू (प्रोसेसर) बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, माहिती भरतो, मग 'तयार' असा फ्लॅग (खूण) लावतो. दुसरा तो फ्लॅग बघून माहिती उचलतो. कोडमध्ये क्रम बिनचूक, पण एआरएमवर ही दोन लिखाणं दुसऱ्या सीपीयूला उलट्या क्रमाने दिसू शकतात. गिरणीवाल्याने 'दळण झालं' म्हणून हाक मारावी आणि डबा उघडून बघावं तर आत कालचंच पीठ! इंटेलवर लिखाणाचा क्रम पाळला जातो, म्हणून आमच्या टेबलावरच्या इंटेल संगणकांवर ती टेस्ट कधीच फेल झाली नाही.

गंमत म्हणजे चूक सापडली त्याच टेबलावर. केसीसॅन हे अशा चुका शोधणारं साधन २०२० पासून कर्नलमध्ये आहे. ते एका सीपीयूला मुद्दाम काही मायक्रोसेकंद अडवून धरतं आणि तेवढ्यात त्याच जागेला दुसरा कुणी हात लावतो का, हे बघतं. त्याने फ्लॅगवर बोट ठेवलं. दुरुस्ती दोन ओळींची: लिहिताना 'स्टोअर रिलीज', वाचताना 'लोड अक्वायर', म्हणजे क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना. शोधायला नऊ दिवस लागले.

आमचं नुकसान थोडक्यात निभावलं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा अशाच एका 'रेस कंडिशन'मुळे (कोण आधी पोचतं यावर निकाल ठरणाऱ्या चुकीमुळे) गप्प झाली होती. तारा झाडांना टेकून एकेक लाइन बंद पडत होती आणि तासाभराहून जास्त वेळ तिथल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी बातमी देताना आपल्या वार्ताहराने संबंधितांना विचारावं: हा बिघाड टेस्टमध्ये आधी दिसला होता का? आणि दिसला असेल, तर 'रीरन' किती वेळा मारला?

— एक कर्नल प्रोग्रॅमर, कोथरूड, पुणे