पश्चिमेची खिडकी

प्रिय नंद्या,

गणपतीनंतर माझं पत्र नाही म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत असशील, घाल. इकडे सगळे बरे. आईची शुगर ताब्यात आहे, माझी कंबर आहे तशीच. आज लिहायला बसलो कारण काल बाबांनी माझ्या नव्या घराची तोंडी परीक्षा घेतली, आणि बाबांची परीक्षा म्हणजे काय हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार? एकोणतिसाचा पाढा आठवतोय ना?

घर उभं राहिलं. आतला रंग झाला, बाहेरचा बाकी, आणि मृग तोंडावर. नागपूरला राहून तू विसरला असशील, पण आपल्याकडचा पाऊस वरून पडत नाही, नैर्ऋत्येकडून आडवा येतो. पश्चिमेच्या ज्या अंगाला बाबा झापं बांधायचे, तिथे मी ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी लावलीय. हो, ॲल्युमिनियम! सागवानाचं भांडण पुन्हा उकरू नकोस. तुझ्या मामांच्या माडीवरची सागवानी खिडकी श्रावणात उघडायला आपण दोघं लटकायचो, ते मी विसरलेलो नाही.

तर घोळ असा. खिडकीवाला म्हणतो, आधी चौकटीभोवतीच्या फटीत सिलिकॉन, मग रंग. पेंटर म्हणतो, आधी रंग, मग सिलिकॉन. दोघांचं बोलणं बंद, निरोप माझ्यामार्फत. पेंटरचं खरं आहे. सिलिकॉनवर रंग धरतच नाही, ब्रशखाली गोळा होऊन सरकतो आणि बसलाच तर पुढे पापुद्रा निघतो. फटीवरून रंग न्यायचा असेल तर ॲक्रिलिक किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सीलंट (फट भरायचा मसाला) हवा, मग मात्र भरणं आधी आणि रंग नंतर. हे त्या दोघांना समजावताना माझा चहाचा खर्च किती झाला विचारू नकोस. त्यात खिडकीवाल्यानं आणलेल्या ट्यूबला आंबूस वास. तसलं सिलिकॉन ॲल्युमिनियम आणि सिमेंटला चालत नाही, न्यूट्रल, म्हणजे बिनआम्लाचं लागतं. ते आणायला रत्नागिरी. चौकट आणि भिंतीमधली फट एका कोपऱ्यात सूतभर, दुसऱ्यात बोटभर. रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबायची, म्हणजे वरचा सीलंट दोन्ही कडांनाच चिकटतो, तळाला धरत नाही, आणि उन्हानं चौकट ताणली तरी फाटत नाही. फोमची दोरी मागितल्यावर दुकानदारानं मला पडद्याची दोरी दाखवली. रंगसुद्धा विचारला, कोणता देऊ!

एवढं करून वळवाच्या पहिल्याच सरीला खिडकीखाली ओल. खिडकीवाल्याच्या पोऱ्यानं उत्साहानं खालच्या रुळाची पाणी जायची भोकंही सिलिकॉननं बुजवली होती. बाबांनी सायकलची तार घेऊन ती एकेक मोकळी केली, तोंडानं एक अक्षर नाही. तरी ओल होतीच. मग म्हणाले, "नळी आण."

मी बाहेर नळी धरून, बाबा आत विजेरी घेऊन, खिडकीच्या उंबरठ्यावर 'सकाळ' पसरलेला. सुरुवात खालून करायची. वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. खालच्या दगडावर बराच वेळ पाणी. आतून तोच पाढे घेतानाचा आवाज : "कोरडं!" मग दोन्ही बाजू. "कोरडं! पुढे चल!" वरची कड. "कोरडं!" मला वाटलं, पास झालो. नळी आणखी वर, छज्ज्याच्या सांध्यावर नेली, आणि थोड्या वेळानं आत शांतता. मग : "आलं."

खिडकीचा दोषच नव्हता रे! छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे गवंड्यानं सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलाई, फिरवलाच नव्हता, केसाएवढी भेग, आणि आत जांभ्याचा चिरा. पाणी चिऱ्यातून मुरत चौकटीच्या मागे उतरत होतं. इतके दिवस मी खिडकीवाल्याशी भांडत होतो आणि गवंडी आमच्याच अंगणात बसून आंबे खात होता. बाबा एवढंच म्हणाले, "नंदू असता तर नळी जरा स्थिर धरली असती." अजूनही तूच पहिला, मी दुसरा.

आता भेग खोदून पीयू भरायचा, आणि मग प्रश्न रंगाचा. ओल्या भिंतीवर रंग लावला की फोड येतात, आणि वळीव रोज संध्याकाळी हजर. पेंटर म्हणतो, पूर्ण भिंत दसऱ्यानंतर, सध्या खिडक्यांभोवती वीतभर पट्टा आणि छज्जे तेवढे रंगवून घेऊ. घराला चष्मा लागल्यासारखं दिसेल. ही म्हणते, वास्तुशांतीच्या फोटोत चार महिने चष्मा नको. मला फोटोपेक्षा चिऱ्याची काळजी. रात्री गडगडलं की उठून भिंतीला हात लावून येतो. तू काय केलं असतंस? खरं सांग, सागवान सोडून.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? चिंगीला बारावीचे मार्क चांगले मिळाले असं दाम्याकडून कळलं, तिचं अभिनंदन, पेढे उधार. जुलैत येणार असशील तर रेनकोट आण, मागच्या वेळचा माझा परत केलेला नाहीस.

तुझा,
बाळ्या

ता. क. पेंटर आत्ताच आला. खिडकीवाल्याची शिडी हवीय म्हणतो, पण मागायची मी.