घरात अकरावी-बारावीतलं कोणी आहे का? आम्हाला रायटर हवेत

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावरच येते. परीक्षा तोंडावर आल्यात आणि आपल्या मंडळाच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गटाकडे रायटर कमी पडतायत. रायटर म्हणजे ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात लिहायला साथ देत नाही त्याच्या शेजारी बसून, तो सांगेल ते आणि तेवढंच उत्तरपत्रिकेत उतरवणारा. इंदूरमध्ये इतकी मराठी घरं आहेत, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी शिकतंय, तरी दरवर्षी शेवटच्या आठवड्यात आम्ही फोन फिरवत बसतो, म्हणून या वेळी आधीच लिहितेय.

हे काम मी का करते ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ, लहानपणी पोलिओ झालेला, कॅलिपर घालून चालायचा. कॉलेजात त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. दोन वर्षं तो कठडा धरून चढला-उतरला, आणि तिसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं. वर्ग खाली घ्या असं त्याने एकदाही कोणाला म्हटलं नाही, आम्ही घरच्यांनीही नाही. विचारलं की म्हणायचा, जाऊ दे ना ताई, कशाला कोणाला त्रास. हे वाक्य आपल्या घरांमध्ये फार चांगलं समजलं जातं आणि मला आता ते ऐकवत नाही. वर्ग खाली आणणं हा एका अर्जाचा आणि एका शिपायाच्या अर्ध्या तासाचा प्रश्न होता हो.

आता तर कायदा आहे. 2016 चा दिव्यांगजन अधिकार कायदा. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, या नव्यात 21 आहेत, आणि त्यात डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण आहे, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहे, म्हणजे बघून अजिबात कळणार नाही असंही बरंच काही आहे. सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजांत 5 टक्के जागा राखीव आहेत, वयात 5 वर्षांची सूट आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याला लागणारी वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानलाय. ज्याचं अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे त्याला लेखी परीक्षेत दर तासाला किमान 20 मिनिटं जास्तीची, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि 40 टक्क्यांच्या खाली असलेल्यांनाही खरी अडचण असेल तर रायटर नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास, असलेल्या एका उमेदवाराच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय.

पण हे सगळं मिळतं ते मागितल्यावर. आणि मागायचं त्याच मुलाने, जो आयुष्यभर कशाला त्रास ऐकत मोठा झालाय. खरगोन, बडवानीकडून येऊन भंवरकुआंला खोली घेऊन राहणारी मुलं तर अजूनच गप्प, त्यांना वाटतं कॉलेजात बोललो तर ॲडमिशनच जाईल.

म्हणून आम्ही दर रविवारी मागण्याची प्रॅक्टिस घेतो. तुम्हाला ऐकायला विचित्र वाटेल पण एकदा येऊन बघा. आमच्याकडे एक बी.कॉम.ची मुलगी येते, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं सावकाश आहे, एकेक शब्द यायला वेळ लागतो, पण बाईला ताळेबंद तोंडपाठ. आमच्यातले एक काका टेबलामागे बसून केंद्राध्यक्ष होतात, फाइल बंद करतात आणि म्हणतात, "बिटिया, मम्मी को बुलाओ, उनसे बात कर लेते हैं." पहिल्या दिवशी तिने खरंच मागे वळून आईकडे बघितलं. आणि आई खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा! तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती काकांकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "सर, परीक्षा मेरी है, बात मुझसे कीजिए." एवढं म्हणायला तिला बराच वेळ लागला पण मध्ये कोणीही वाक्य पुरं करून दिलं नाही, तो आमचा नियमच आहे. आईला रडू आलं, काकांनाही. मग तिने अर्ज स्वतः तयार केला, काय अडचण, काय सोय हवी, कुठल्या तारखेपासून, सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची झेरॉक्स, आणि आवक शिक्का मारलेली कॉपी स्वतःजवळ. या शिक्क्याच्या कॉपीवर मी फार जोर देते, कारण तोंडी "हो जाएगा" परीक्षेच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

आता आमची एक चूकही सांगते. गेल्या वर्षी एका कॉलेजात आम्ही रायटर म्हणून इंजिनिअरिंगचा मुलगा पाठवला, हुशार, अक्षर सुंदर, पण परीक्षा देणारी मुलगी बी.ए. पहिल्या वर्षाची. रायटर परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो हा नियम, तो आम्ही तपासला नाही. त्यांनी त्याला गेटवरच थांबवलं. दुसरा मुलगा मिळून पेपर सुरू होईपर्यंत चाळीस मिनिटं गेली आणि ती मुलगी तेवढा वेळ बाकावर एकटी बसून होती. म्हणूनच मी अकरावी-बारावीची मुलं मागतेय. तुमच्या स्वतःच्या परीक्षा आधी, हे कबूल, तुमच्या तारखा सांगा, आम्ही त्या सांभाळून पेपर नेमून देऊ. आणि दोन तास ट्रेनिंग आहे, ते सोडता येणार नाही, कारण शेजारच्याचं उत्तर चुकतंय हे दिसत असताना तसंच लिहायचं हे चांगल्या चांगल्या मुलांना जमत नाही.

मोठ्यांना वाटेल मग आमचं काय काम. खूप काम आहे. वर्गातल्या नोट्स मुलं फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात, आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याचा फोन, जो बाकी सगळं घडाघडा वाचून दाखवतो, तो हाताने लिहिलेल्या पानाच्या फोटोवर गप्प होतो. कोणीतरी ते टाइप करावं लागतं. रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, बँकेतले काका, घरी बसून रोज दोन पानं केलीत तरी एका मुलाचा एक विषय उभा राहतो. ज्यांना टाइप जमत नाही त्यांनी वाचून रेकॉर्ड करा, फक्त पंखा बंद ठेवा आणि पान नंबर बोला. अगदी हळू वाचायची गरज नाही, आमची मुलं फोनचा स्पीड इतका वाढवून ऐकतात की आपल्याला एक अक्षर कळत नाही.

पैशाचं पण बोलते, लाजून उपयोग नाही. या परीक्षेच्या सीझनला आम्हाला साधारण 45 हजार रुपये लागतील. सगळ्यात जास्त रिक्षाचं भाडं आहे, विद्यार्थ्याचं आणि रायटरचं दोघांचं, खंडवा रोडला विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात जायचं-यायचं काय पडतं ते तुम्हाला माहितीये. मग एक उचलून नेता येईल असा रॅम्प, कारण दोन सेंटरवर गेटातच तीन-तीन पायऱ्या आहेत, आणि रेकॉर्डिंगसाठी दोन साधे फोन. जुना चालू स्थितीतला अँड्रॉइड फोन घरात पडून असेल तर तोच द्या, नवा घ्यायला नको. शंभर रुपयेसुद्धा चालतील, पावती प्रत्येकाला मिळेल आणि हिशेब हॉलच्या बोर्डावर लागेल, तो बघायला या, विचारा, आम्हाला आवडेल. एका रायटरचं एका पेपरचं जाणं-येणं मी घेतो असं कोणी म्हणालं तर तेही उत्तम.

रविवारी सकाळी 10 ला मंडळाच्या हॉलमध्ये या, बैठक तळमजल्यावरच आहे, पोहे-चहा असेल. मुलांना घेऊन आलात तर लगेच ट्रेनिंगची तारीख देऊ.

आणि हे जरा लवकर हवंय. त्या बी.कॉम.च्या मुलीला अकाउंट्सच्या पेपरला अजून रायटर मिळालेला नाही. अकाउंट्स येत नसलं तरी चालेल, रकाने सरळ आखणारा आणि न कंटाळता ऐकणारा हवा. आपल्या इथल्या मुलांना सत्तेचाळीस म्हटलं की सैंतालीस का सत्तावन्न असा गोंधळ होतो हे तिला माहितीये, म्हणून ती आकडे सुटे सुटे सांगते, फोर, सेवन, फाइव्ह, झिरो, झिरो, आणि प्रत्येक ओळीनंतर "वाच" म्हणते. कोणी तयार असेल तर रविवारची वाट न बघता आधीच कळवा, कारण रायटरचा फॉर्म फोटोसकट केंद्रावर आधी जमा करावा लागतो.